पिकवणारा वायू, टिकणारी नळी

रावेर-यावलच्या केळीबागेत झाडाच्या बुडाशी काळी नळी पडलेली असते. तिचं आणि वरच्या घडाचं नातं पाण्यापुरतं आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते बरंच जवळचं आहे. केळं पिकायला लागलं की स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढाच त्याचा संसार. रायपनिंग चेंबरमध्ये व्यापारी हाच वायू बाहेरून सोडतात, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याला हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी दिली आहे. काळी नळी ज्या पॉलिथीनची असते ते पॉलिथीन म्हणजेही हेच इथिलीन, हजारोंच्या संख्येनं एकापुढे एक जोडलेलं. सुटं असलं की ते घड चार-सहा दिवसांत पिवळा करतं. जोडलं गेलं की उन्हापावसात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि कुजायचं नाव घेत नाही.

झाडाचं इथिलीन मेथिओनीन या अमिनो आम्लापासून तयार होतं, नागोठण्याच्या कारखान्यातलं नैसर्गिक वायूतल्या घटकांची मोडतोड करून. पण दोन्ही शेजारी ठेवली तर कार्बनचं वय मोजल्याशिवाय त्यांत फरक दाखवणं कुणालाही जमणार नाही. तरी आपल्या बोलण्यात, शाळेच्या निबंधांत आणि सरकारी जाहिरातींत एक सोपी वाटणी पक्की बसली आहे: नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट. ही वाटणी आळशी आहे. पदार्थ आला कुठून याला मी दुय्यम मानतो. त्याच्या साखळीतला सांधा कोणता, तो कापणारं कुणी या मातीत-पाण्यात राहतं का, आणि ती वस्तू आपल्याला किती काळ हवी आहे, हे प्रश्न आधी विचारायला हवेत. ते पडताळून पाहायला जळगाव-धुळ्यासारखा मुलूख शोधून सापडणार नाही. कापूस, केळी, मका आणि ज्वारी इथलीच, पीव्हीसीचे पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटयाही इथल्याच.

साखळी हा शब्द आज सहज वापरला जातो, पण शंभर वर्षांपूर्वी तो रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरत नव्हता. रबर, सेल्युलोज, स्टार्च हे लहान रेणूंचे गोळे आहेत आणि कुठल्यातरी अनोळखी ओढीनं एकत्र राहतात, असं त्या काळी बहुतेकांचं मत होतं. १९२० मध्ये जर्मनीच्या हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडलं की तसं काही नाही, लहान घटक साध्या, नेहमीच्याच रासायनिक बंधांनी एकमेकांना जोडून हे लांबच लांब रेणू बनलेले आहेत. वर्षानुवर्षं त्यांना विरोध झाला, आणि नोबेल मिळालं ते थेट १९५३ मध्ये. कापसाच्या एका तंतूत सेल्युलोजच्या अशा साखळ्या असतात, आणि एकेका साखळीत ग्लुकोजच्या दहा हजारांच्या आसपास कड्या. वेचणीच्या वेळी बोंडातून जो तंतू हातात येतो तो जवळजवळ शुद्ध साखरच, फक्त अशी जोडलेली की ती गोड लागत नाही आणि पाण्यात विरघळत नाही.

ज्वारीतलं, मक्यातलं, कच्च्या केळ्यातलं स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजचीच साखळी. घटक तोच, फक्त जोडण्याची दिशा वेगळी. स्टार्चमध्ये प्रत्येक कडी आधीच्या कडीला एकाच अंगानं बसते, त्यामुळे साखळी जिन्यासारखी वळत जाते. सेल्युलोजमध्ये एकाआड एक कडी उलटी होते, म्हणून साखळी सरळ राहते, अशा सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि पाण्याला मध्ये शिरायला वाव देत नाहीत. एवढ्याशा फरकानं एकाची भाकरी होते आणि दुसऱ्याचं धोतर.

हा फरक आणि यातलं साम्य, दोन्ही एकदम पाहायचं असेल तर उन्हाळ्यात खानदेशातल्या कुठल्याही गच्चीवर जावं. ज्वारी भिजवून, कांडून, दळून तिचं पीठ शिजवतात आणि गरम घाटा ओल्या सुती कापडावर हातानं थापून बिबडे घालतात. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतल्या साखळ्या मोकळ्या होतात. उन्हात पाणी उडालं की त्या पुन्हा एकमेकींच्या जवळ सरकतात आणि पातळ, कडक पापुद्रा तयार होतो. याला पॉलिमर फिल्म म्हणायला काहीच हरकत नाही. प्लॅस्टिकच्या शाळेत गेली नसली तरी वैशाखातली कुठलीही आजी ती काढते. आता वाळलेला बिबडा कापडावरून सोडवताना बघा. तो नुसता ओढला तर फाटतो, म्हणून कापडाच्या मागून पाण्याचा हात फिरवावा लागतो. स्टार्च आणि सूत दोन्ही ग्लुकोजचे, दोघांच्याही अंगावर पाण्याशी आणि एकमेकांशी सलगी करणारे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, म्हणून ते एकमेकांना धरून बसतात. अलीकडे बऱ्याच घरांत कापडाऐवजी प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्यावरून बिबडा वाळला की आपोआप सुटतो, कारण पॉलिथीनच्या साखळीवर धरायला हातच नाहीत. नुसता कार्बन आणि त्याला लगडलेला हायड्रोजन. ज्या गुणामुळे तो कागद आजीला सोयीचा वाटतो, तोच गुण पुढे नाल्यात अडचण होऊन बसतो.

गच्चीवरची ही चिकटण्याची गोष्ट धुळ्याच्या मागवाल्यांना पूर्वीपासून माहीत आहे. मागावर ताण्याचं सूत सतत घासलं जातं आणि तुटतं. ते तुटू नये म्हणून त्याला आधी खळ देतात, म्हणजे सायझिंग करतात. सुती धाग्यासाठी ही खळ बहुधा स्टार्चची असते. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे, आणि कापड उद्योग हे अशा स्टार्चचं जुनं गिऱ्हाईक. कापड विणून झालं की खळ काढायला हवी, नाहीतर रंग नीट बसत नाही. ती काढण्यासाठी अमायलेज नावाचं विकर वापरतात. हे विकर धाग्यावरच्या स्टार्चची साखळी कड्या-कड्यांनी कापून टाकतं आणि शेजारच्याच सेल्युलोजला धक्का लावत नाही. दोन्ही साखळ्या एकाच साखरेच्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि विकराला मात्र एकीचाच सांधा कळतो. पॉलिमरचं जगणं-मरणं नेमकं कशावर ठरतं हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारा प्रयोग मला तरी ठाऊक नाही.

घरी करायचा असेल तर आणखी सोपा आहे. कच्च्या केळ्याच्या चकतीवर बेटाडिनचा थेंब टाका, ती निळी-काळी पडेल. आयोडीन स्टार्चच्या वळणदार साखळीच्या पोकळीत शिरून बसतं म्हणून हा रंग येतो. पूर्ण पिकलेल्या केळ्यावर तोच थेंब तांबूसच राहतो. कच्च्या केळ्याच्या कोरड्या वजनात ७० ते ८० टक्के स्टार्च असतं. पिकताना इथिलीनच्या इशाऱ्यावर फळातली विकरं कामाला लागतात आणि त्याची साखर करून टाकतात. (जाता जाता, बेटाडिनमध्ये आयोडीनला धरून ठेवणारं पोव्हिडोन हे चक्क कारखान्यातलं कृत्रिम पॉलिमर आहे. जखमेवर लावताना कुणी त्याला प्लॅस्टिक म्हणून नाक मुरडत नाही.)

इथे एक गैरसमज काढून टाकावा लागतो. पॉलिथीन कुजत नाही याचं कारण त्याचे बंध फार बळकट असतात असं सर्रास सांगितलं जातं. पण कार्बन-कार्बन बंध आणि सेल्युलोजमधला कार्बन-ऑक्सिजन बंध यांच्या बळात फारसा फरक नाही. उलट, विकरांशिवाय नुसत्या पाण्यात साध्या तापमानाला सेल्युलोजचा एक सांधा सुटायला किती काळ लागेल याचा रसायनशास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा निम्मे सांधे तुटायला सुमारे ४७ लाख वर्षं असं उत्तर आलं. म्हणजे कापूस स्वभावानं प्लॅस्टिकइतकाच चिवट. तो कुजतो, कारण त्याला खाणारे आहेत. बुरशी आणि जिवाणूंनी कोट्यवधी वर्षांत त्या सांध्याची किल्ली घडवली. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा हजारो वर्षं टिकला, तो धातूच्या क्षारांमुळे तिथे जंतू जगू शकले नाहीत म्हणून.

गाईच्या पोटात तर दोन्ही जगं एकाच जागी भेटतात. चारा म्हणून खाल्लेला कडबा, कापसाची पाला-बोंडं, केळीची पानं हे सगळं सेल्युलोज; ते गाय स्वतः पचवत नाही, तिच्या कोठीपोटातले जिवाणू पचवतात. त्याच पोटात उकिरड्यावरची शिळ्या भाजीची पिशवीही जाते. जिवाणू तेच, ऊब तीच, दिवसही तेवढेच. पिशवी तशीच राहते आणि एक दिवस जनावराचं पोट कापून किलोंच्या हिशेबात बाहेर काढावी लागते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला कापसानंच दिलेलं उत्तर भुसावळजवळ वरणगावला मिळतं. तिथल्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसं तयार होतात. काडतुसातली गोळी ढकलणारी बिनधुराची दारू म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोज. सरकीवर चिकटून राहिलेली बारीक लव घ्यायची आणि नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवायची. साखळी तीच राहते, फक्त तिच्या अंगावरच्या हातांत नायट्रेटचे गट येतात, आणि रजईत भरायचा कापूस ठिणगीची वाट बघणारा पदार्थ होतो. दादासाहेब फाळक्यांचे सिनेमे ज्या फितीवर उतरले ती फीतही याच जातीची. जुन्या मूकपटांची रिळं जगभर आगीत आणि कुजून गेली त्याचं एक कारण हे. असा पदार्थ नैसर्गिक म्हणायचा की कृत्रिम? मला तर हा प्रश्नच निरर्थक वाटतो.

जळगावकडे वळलं की गोष्ट उलट्या दिशेनं चालू होते. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये बंद पडलेला केळी पावडरचा कारखाना घेतला आणि त्यात पपेन काढायला सुरुवात केली. कच्च्या पपईला चिरा देऊन गळणाऱ्या चिकातून मिळणारं पपेन हे प्रथिनांचे सांधे कापणारं विकर, आणि ते स्वतःही प्रथिनच. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले, पुढे ठिबक. म्हणजे जळगावच्या या उद्योगाची सुरुवात पॉलिमर कापणाऱ्या चाकूपासून झाली आणि विस्तार झाला तो कुणालाही न कापता येणाऱ्या पॉलिमरवर. हा योगायोग मला आवडतो, पण त्यात उपरोध शोधू नये. जमिनीखालचा पाइप कुजणारा असता तर शेतकऱ्यानं तो घेतलाच नसता.

पीव्हीसीला आपण पेट्रोलियमचं अपत्य समजतो, तेही अर्धंच खरं. त्याच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं, आणि ते येतं मिठातून. उरलेला भाग इथिलीनमधून येऊ शकतो किंवा कार्बाइडमधून. हो, केळी पिकवायला जे चोरून वापरलं जातं आणि ज्याच्यावर बंदी आहे, तेच कॅल्शियम कार्बाइड. ओलाव्यात त्याचा ॲसिटिलीन वायू होतो, फळाला तो इथिलीनसारखा वाटतो. आणि तोच वायू हायड्रोजन क्लोराइडशी जोडला की पीव्हीसीची कडी तयार. राजस्थानात कोट्याला पीव्हीसी या वाटेनं बनतं. मात्र हे क्लोरीन उष्णतेत सुटू बघतं, म्हणून पाइप ओतताना त्याला धरून ठेवणारा पदार्थ मिसळावा लागतो. वर्षानुवर्षं तो शिशाचा होता. केंद्र सरकारनं त्यावर नियम आणले ते २०२१ मध्ये. पिण्याच्या पाण्याच्या नळीवर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो इथे घ्यावा. पीव्हीसी माणसानं बनवलं हा आक्षेप होऊ शकत नाही, त्यात काय मिसळलं हा होऊ शकतो.

ठिबकची नळी पॉलिथीनची, आणि पॉलिथीन ही तर अपघाताची देणगी. १९३३ मध्ये इंग्लंडात आयसीआयच्या प्रयोगशाळेत इथिलीनवर प्रचंड दाब देऊन दुसरंच काही करून बघत असताना भांड्यात पांढरा, मेणचट पदार्थ उरला. ही नळी काळी का असते? जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो, आणि उन्हातले अतिनील किरण पॉलिथीनची साखळी मध्येच तोडतात. म्हणून त्यात सुमारे अडीच टक्के काजळी मिसळतात. काजळी किरणं शोषून घेते आणि साखळी वाचते.

एमआयडीसीतल्या चटयांकडे पाहिलं की हे आणखी कळतं. जळगावची प्लॅस्टिक चटई देशभर जाते. ती बहुधा पॉलिप्रोपिलीनची, आणि पुष्कळदा भंगारातून वितळवून केलेल्या दाण्याची. पॉलिप्रोपिलीनमध्ये एकाआड एक कार्बनवर एक जास्तीची फांदी असते. त्या फांदीजवळचा हायड्रोजन ऊन सहज हिसकावतं, ऑक्सिजन तिथे शिरतो आणि साखळी तुटते. शिवाय दाणा दरवेळी वितळवताना साखळी थोडीथोडी तुटलेलीच असते. गच्चीवर दोन उन्हाळे राहिलेली चटई उचलली की हाताला रंगीत भुगा लागतो तो यामुळे. या भुग्याला कुणी 'विघटन' म्हणू नये. साखळी दहा हजारांची हजाराची झाली, खाणारा मात्र अजून कुणी आलेला नाही. तुटणं आणि कुजणं यांतली ही गल्लत करूनच काही पिशव्यांवर 'विघटनशील' असा शिक्का मारला जात होता.

आता वाटणी पूर्ण कोसळते ती जागा. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथीन बनतं. उगम शंभर टक्के शेतातला आणि कुजणं शून्य, कारण साखळी तीच. दुसऱ्या टोकाला पीबीएटी नावाचं पॉलिमर बहुतेक पेट्रोलियममधून येतं, पण त्याच्या सांध्यात एस्टर असल्यानं मातीतले जंतू ते खातात. पाण्याच्या बाटलीचं आणि साडीच्या पॉलिएस्टरचं पीईटी हेही एस्टरचंच. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी त्याला कुरतडणारा जिवाणू जाहीर केला. मक्याच्या स्टार्चपासून होणारं पीएलए मक्यासारखं वागेल असं वाटतं, पण ते नीट कुजायला ६० अंशांच्या आसपासची ऊब लागते. तेवढी ऊब मोठ्या कंपोस्ट ढिगाच्या पोटात असेल, गिरणेच्या किंवा पांझरेच्या पाण्यात नाही.

यावर हाडाचे पर्यावरणवादी म्हणतील की उगमाला काहीच महत्त्व नाही असं म्हणून तुम्ही तेल कंपन्यांना मोकळं सोडताय. आक्षेपात तथ्य आहे. जमिनीखालचा कार्बन वर आणून शेवटी जाळला तर हवेत भर पडते, उसाचा जाळला तर तेवढी पडत नाही. हवामानाच्या हिशेबात उगम मोजलाच पाहिजे. पण तो हिशेब वेगळा आणि नाल्यातल्या पिशवीचा वेगळा. दोन्ही एका खात्यावर टाकल्यामुळेच 'वनस्पतीजन्य' लिहिलेली पिशवी घेऊन माणूस निर्धास्त होतो आणि ती तशीच रस्त्यावर टाकतो.

टिकणं हा नेहमी दोष नसतो, हे धुळ्याला सांगायला नको. राजवाडे संशोधन मंडळात जी जुनी दप्तरं जपलेली आहेत, तिथे सगळी धडपड साखळी तुटू नये म्हणून चालते. हातानं बनवलेला चिंध्यांचा कागद शतकानुशतकं टिकतो, कारण त्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या लांब असतात आणि कागदात आम्ल नसतं. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा, तुरटी वापरलेला स्वस्त कागद आतल्या आम्लानंच पिवळा पडतो आणि घडीवर मोडतो. शंभर वर्षं हवा असलेला कागद पन्नास वर्षांत मोडतो आणि दहा मिनिटं हवी असलेली पिशवी शंभर वर्षं उरते. दोन्हीकडे चूक एकच, वस्तूच्या आणि रेणूच्या आयुष्याचा मेळ बसलेला नाही.

सरकारी नियम हा मेळ बघत नाहीत. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये प्लॅस्टिकवर बंदी आणली, केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तू बंद केल्या, आणि कॅरीबॅगची जाडी त्याच वर्षाअखेर १२० मायक्रॉनवर नेली. जाडी वाढवण्यामागचा विचार मला पटतो: जाड पिशवीला भंगारात किंमत येते, म्हणून ती उचलली जाते. मग हाच विचार शेतात का थांबतो? मिरची, टरबूज, पपईच्या वाफ्यांवर अंथरतात ती मल्चिंगची फिल्म बहुधा २५-३० मायक्रॉनची असते. हंगाम संपेपर्यंत ऊन तिला जागोजागी फाडतं आणि काढताना निम्मी हातात येते, निम्मी नांगराखाली जाते. केळीच्या घडावर चढवतात त्या पिशव्यांचंही तेच. जुन्या ठिबकच्या नळ्या मात्र बांधावर पडलेल्या फारशा दिसत नाहीत. भंगारवाला त्यांचे किलोवर पैसे देतो, म्हणून त्या शेतातून बाहेर जातात आणि पुन्हा दाणा होऊन येतात.

म्हणून ठिबकवर बंदीची भाषा करणाऱ्यांशी मी वाद घालेन, आणि मल्चिंगच्या अनुदानाचे आहेत तेच नियम चालू ठेवा म्हणणाऱ्यांशीही. फिल्म एकतर इतकी जाड असावी की अख्खी गुंडाळून निघेल आणि मातीसकट तोलली तरी भंगारवाला नाही म्हणणार नाही, नाहीतर एस्टरच्या सांध्याची असावी, नांगरून टाकता येईल अशी. दुसरी महाग पडते हे खरं. पण अनुदान द्यायचंच आहे तर त्यातली काही रक्कम फिल्म अंथरताना आणि उरलेली हंगामाअखेर काढून वजन करून आणल्यावर द्यायला काय हरकत आहे? कापसाच्या गाठी आणि केळीचे घड काट्यावर तोलून घेणाऱ्या या मुलखात ते वजन करायला वेगळा काटा आणावा लागणार नाही.